अस्लानचे दुसरे नाव

पुस्तक छापून झाले की लेखकाचे काम संपले, असा एक समज आहे. मोठ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकांच्या बाबतीत तो पुष्कळसा खराही असेल. मोठा वाचक पुस्तक मिटतो, जांभई देतो, आणि फार झाले तर शेजाऱ्याजवळ त्याविषयी चार शब्द बोलतो. मुलांचे तसे नाही. आवडलेल्या पुस्तकातील माणसे मुलाच्या लेखी जिवंत असतात, आणि जिवंत माणसांचे पुढे काय झाले हे विचारण्याचा आपल्याला हक्कच आहे, असे ते धरून चालते. मग ते वहीचा कागद फाडते आणि थेट लेखकालाच पत्र घालते. अशा काही पत्रांविषयी, आणि त्यांना गेलेल्या उत्तरांविषयी, आज मला बोलायचे आहे.

पुस्तक इंग्रजी आहे. नाव 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब', म्हणजे सिंह, चेटकीण आणि कपाट. लेखक सी. एस. लुईस. १९५०च्या ऑक्टोबर महिन्यात ते प्रसिद्ध झाले, आणि पुढे १९५६पर्यंत दरसाल एक याप्रमाणे नार्निया नावाच्या त्याच काल्पनिक देशाविषयी आणखी सहा पुस्तके निघाली. लुईस १८९८ साली बेलफास्ट येथे जन्मले. ऑक्सफर्डला आणि १९५४नंतर केंब्रिजला ते जुन्या इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापन करीत. तरुणपणी नास्तिक असलेला हा गृहस्थ पुढे श्रद्धावान ख्रिस्ती झाला, आणि १९४१ ते १९४४ या युद्धाच्या वर्षांत बी. बी. सी.वरून त्याने ख्रिस्ती श्रद्धेविषयी जी भाषणे दिली ती इंग्लंडात घरोघर ऐकली गेली. लग्न केले ते वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. तोपर्यंत घरात मूल असे नव्हतेच. नाही म्हणायला १९३९ साली, लंडनवर बाँब पडतील या धास्तीने मुलांना खेडोपाडी हलवले, तेव्हा त्यांतली काही त्यांच्या घरी राहून गेली होती. कथेचा आरंभही तेथूनच होतो.

पीटर, सुझन, एडमंड आणि लूसी ही चार भावंडे लंडनवरील हवाई हल्ल्यांमुळे खेड्यातील एका वृद्ध प्राध्यापकाच्या मोठ्या घरी राहायला येतात. घर धुंडाळत फिरताना धाकटी लूसी कपड्यांच्या एका लाकडी कपाटात शिरते. केसाळ कोटांच्या मागे कपाटाची फळी लागावी, तर पायाखाली बर्फ लागतो. पुढे रान, आणि रानात एक पेटलेला दिव्याचा खांब. हा नार्निया. तेथे एका गोऱ्या चेटकिणीचे राज्य आहे आणि तिच्या मंत्राने वर्षभर हिवाळाच असतो, पण नाताळ म्हणून कधी येत नाही. एडमंड मिठाईच्या लोभाने भावंडांशी दगा करतो. ती मिठाई म्हणजे टर्किश डिलाइट, पिठीसाखरेत घोळलेली मऊ वडी. आजच्या मुलांना याचे हसू येते. पण १९५० साली इंग्लंडात मिठाई शिधापत्रिकेवरच मिळत होती, ते नियंत्रण उठले १९५३ साली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वडीसाठी एखादा पोरगा काय करील हे त्या वेळच्या बालवाचकाला निराळे समजावून सांगावे लागले नसणार. नियमाप्रमाणे दगाबाजाचा जीव चेटकिणीचा. तेव्हा अस्लान नावाचा महासिंह, त्या देशाचा खरा धनी, एडमंडच्या जागी स्वतः मरण पत्करतो. त्याची आयाळ कापली जाते, त्याची टवाळी होते, दगडी चौथऱ्यावर त्याला मारतात. आणि पहाटे तो पुन्हा जिवंत होतो.

ख्रिस्ती श्रोत्यांना आता पुढे सांगायला नकोच. इतरांना एवढेच सांगते की गुड फ्रायडे आणि ईस्टर या दोन दिवसांत आम्ही ज्या घटनेचे स्मरण करतो, तीच येथे सिंहाच्या रूपाने येते. मात्र पुस्तकात येशूचे नाव कोठेही नाही. हे नाव न घेणे हाच माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

मोठ्या माणसांचे आरंभीचे अभिप्राय फारसे अनुकूल नव्हते. लुईस यांचे जिवलग मित्र जे. आर. आर. टॉल्किन, स्वतः निष्ठावंत कॅथलिक आणि काल्पनिक देश रचण्यात लुईस यांच्याहून मोठे कारागीर, यांना हे पुस्तक मुळीच आवडले नाही. रोमन पुराणातला बोकडपाया, इंग्रजांचा नाताळबाबा आणि बोलणारी जनावरे, या सर्वांची एकाच रानात गर्दी करणे त्यांना बेशिस्तीचे वाटले. दुसरा आक्षेप बायकांचा. अनेक मातांनी, आणि त्यांच्याहूनही अधिक शाळामास्तरणींनी, हे पुस्तक मुलांना भिववील असे ठरवून टाकले आहे आणि म्हणून ते फारसे खपत नाही, असे लुईस यांनी एका पत्रात लिहिले आहे. मुले मात्र भीत नाहीत, भितात ती मोठी माणसे, असेही त्यांनी पुढे म्हटले. मी स्वतः मास्तरीण असल्याने हा टोला मुकाट्याने सोसते. दगडी चौथऱ्याच्या प्रकरणाला वर्गात आवाज कापतो तो बहुधा वाचणाऱ्या बाईंचाच. बाके स्तब्ध असतात, पण पळून जावे असे कोणालाही वाटत नसते.

मग मुलांची पत्रे येऊ लागली. इंग्लंडातून येत तशीच अमेरिकेतूनही. लुईस यांच्या दोन्ही अंगठ्यांना जन्मतःच एकेक सांधा कमी होता, त्यामुळे हातांनी नाजूक काम होत नसे. टंकलेखन ते कधी शिकलेच नाहीत. आलेल्या पत्रांना ते दौत-टाक घेऊन स्वतः उत्तरे लिहीत. त्यांचे वडील बंधू वॉर्नी पत्रव्यवहाराच्या कामी त्यांना हातभार लावीत, पण मुलांना जाणारी उत्तरे वाचली म्हणजे त्यांत दुसऱ्याचा हात कोठे जाणवत नाही. मुलांना लिहिलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांचे पुस्तक १९८५ साली प्रसिद्ध झाले. लहान आकाराचे आहे. एका बैठकीत वाचून होते. माझ्या मते शिक्षणशास्त्राच्या पुष्कळ जाड ग्रंथांहून ते शिक्षकाच्या अधिक उपयोगी पडेल.

अमेरिकेतील अकरा वर्षांच्या एका मुलीने पुस्तके वाचून काही चित्रे काढली आणि ती पाठवताना लेखकाला प्रश्न विचारला, की अस्लानचे आपल्या जगातले नाव कोणते? हा १९५३ सालचा प्रसंग. उत्तर एका शब्दाचे होते. लुईस यांनी तो शब्द लिहिला नाही. तूच ओळख म्हणाले, आणि खुणा दिल्या. या जगात नाताळबाबाच्याच सुमारास आलेला असा कोणी आहे का? आपण महान सम्राटाचा पुत्र आहोत असे म्हणणारा? दुसऱ्याच्या अपराधासाठी दुष्टांच्या हाती स्वतःला देणारा, मारला गेलेला, पुन्हा उठलेला? ज्याला कधी कधी कोकरू म्हणतात असा? या खुणांचा अर्थ असा की, लुईस यांनी दार उघडून दिले पण उंबरठा मुलीलाच ओलांडू दिला. आम्ही शिक्षक नेमके उलट करतो. धडा संपतो न संपतो तोच फळ्यावर 'तात्पर्य' असे लिहून खाली रेघ मारतो, आणि मुले ते उतरवून घेतात. परीक्षेत एकाच तात्पर्याच्या चाळीस प्रती आमच्याकडे परत येतात, तेव्हा मुलांना स्वतःचे मत नाही अशी कुरकुरही आम्हीच करतो.

१९५४ साली मेरीलँड संस्थानातील एका शाळेच्या पाचवीच्या वर्गाने पत्र पाठवले. त्या मुलांनी पुस्तकातील प्रत्येक पात्राला या जगातील काही ना काही जोडून दाखवले होते. हा उंदीर म्हणजे अमुक, तो बुटका म्हणजे तमुक. लुईस यांनी त्यांना नम्रपणे अडवले. बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'मध्ये तसे असते, मी तसे लिहीत नाही, असे त्यांनी कळवले. बन्यनचे ते रूपक मराठीतही एकोणिसाव्या शतकातच उतरले, तेव्हा आपल्याकडील ख्रिस्ती घरांना ती पद्धत परिचयाची आहे: प्रत्येक पात्राच्या गळ्यात एका गुणाची किंवा अवगुणाची पाटी. लुईस यांचे म्हणणे असे, की मी फक्त एक कल्पना करून पाहिली. नार्नियासारखा देश खरोखरच असता, आणि देवाचा पुत्र आपल्या जगात जसा मनुष्य झाला तसा तेथे सिंह झाला असता, तर काय घडले असते? येथे सिंह कोणाचे चिन्ह म्हणून उभा नाही. त्या जगात तो तोच आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना हा बारीक फरक समजेल असा विश्वास त्यांनी धरला. (जाता जाता सांगते, 'अस्लान' हा मूळ तुर्की भाषेतला सिंहवाचक शब्द आहे.)

आता ज्या पत्रामुळे हे भाषण लिहावेसे वाटले, त्याकडे येते. १९५५ साली अमेरिकेतील एका मातेने लुईस यांना लिहिले, की माझा नऊ वर्षांचा मुलगा कष्टी आहे. आपण येशूपेक्षा अस्लानवर अधिक प्रेम करतो की काय, या भीतीने त्याला ग्रासले आहे.

मोठ्यांना ही गोष्ट हसण्यावारी न्यावीशी वाटेल. परंतु ज्यांनी लहान मुलांना धर्मशिक्षण दिले आहे, त्यांना ठाऊक आहे की नऊ वर्षांच्या मुलाच्या मनातली अशी भीती लहान नसते. दहा आज्ञांपैकी पहिलीच आज्ञा त्याने पाठ केलेली असते. देवाच्या जागी आपण सिंह बसवला, तोही गोष्टीतला, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते, आणि तो रात्री जागा राहतो. अशा वेळी आपल्यापैकी बहुतेक जण काय करतील? एक तर 'वेडा कुठला, ती नुसती गोष्ट आहे,' म्हणून पांघरूण घालतील, किंवा पुस्तक काढून उंच फळीवर ठेवून देतील.

लुईस यांनी या दोन्हींतले काही केले नाही. त्यांनी मातेच्या नावे लिहिले, पण निरोप मुलाला दिला. आपल्या मनात सिंहाचे प्रेम आपोआप उपजले आहे. जे आपण जाणूनबुजून करीत नाही, उलट टाळू पाहतो, तो अपराध कसा होईल, हे त्यांनी प्रथम सांगितले. मग खरे उत्तर दिले. अस्लानने जे केले आणि जे सांगितले त्यासाठी तुला तो आवडतो ना? ते सारे येशूनेच केलेले आणि सांगितलेले आहे. म्हणजे आपण अस्लानवर प्रेम करतो असे तुला वाटते तेव्हा तू येशूवरच करीत असतोस. आता सिंहाचे ते सोनेरी अंग येशूला नाही आणि तुला ते अंगच अधिक आवडते, असे असेल तर त्यातही घाबरण्याजोगे काही नाही. लहान मुलाच्या मनाची घडण कशी असते हे ते मन घडवणाऱ्याला ठाऊक आहे. शेवटी त्यांनी एक लहानशी प्रार्थना सुचवली. हे प्रेम वाईट असेल तर ते काढून घे, आणि वाईट नसेल तर माझी काळजी काढून घे, असा तिचा आशय. आणि तिच्या अखेरीस त्यांनी मुलाला आणखी एक मागणे मागायला सांगितले: मिस्टर लुईस यांच्या पुस्तकांनी दुसऱ्या कोणा मुलाला त्रास झाला असेल, तर त्यांना क्षमा कर.

पन्नाशी उलटलेला एक विख्यात पंडित नऊ वर्षांच्या पोराला सांगतो की माझ्यासाठी प्रार्थना कर! मातेलाही त्यांनी दोन शब्द लिहिले आहेत. हा मुलगा पुढे संत निघण्याचा संभव आहे, तेव्हा तयारीने असा. संतांच्या आयांना पुष्कळ सोसावे लागत असावे. संतांच्या चरित्रांत त्यांच्या आयांकडे कोणी फारसे पाहत नाही. लुईस कॅथलिक नव्हते, तरी त्यांनी पाहिले, याचे मला कौतुक वाटते.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सगळ्या वाचकांची वाट अशी सुखाची झाली नाही. लॉरा मिलर नावाच्या अमेरिकन समीक्षक बाईंनी २००८ साली 'द मॅजिशियन्स बुक' हा ग्रंथ लिहिला. त्या कॅथलिक घरात वाढल्या. दुसरीत असताना त्यांच्या शिक्षिकेने त्यांच्या हाती नार्निया दिला, आणि त्यांनी त्यावर जीव ओवाळून टाकला. पण त्यात ख्रिस्ती धर्म आहे हे त्यांच्या ध्यानात आले नाही. पौगंडावस्थेत ते दुसऱ्याच्या पुस्तकातून कळले, तेव्हा त्यांना आपण फसवले गेलो असे वाटले. ज्या चर्चमधील कंटाळ्यापासून त्या नार्नियात पळून गेल्या होत्या, ते चर्चच कपाटाच्या मागे उभे होते! त्यांचा तो राग मला समजतो. न सांगण्याची ही किंमत आहे, आणि ती लहान नाही. तरीही मी लुईस यांच्याच बाजूची आहे. मुलाने विचारण्यापूर्वी अर्थ सांगू नये. विचारल्यावर मात्र क्षणभरही टाळू नये. मिलरबाईंना विचारायला कोणी मिळाले नाही, किंवा विचारावे असे वाटले नाही, एवढाच दोष मी मानते. आणि तो पुस्तकाचा नव्हे, आम्हां भोवतालच्या मोठ्यांचा. मिलरबाई शेवटी त्या पुस्तकांकडे परतल्या. श्रद्धेने नव्हे, तर वाचक म्हणून परतल्या, आणि आपले परतणे त्यांनी लपवले नाही.

सर्वांत अधिक वाद माजला तो सुझनवरून. शेवटच्या पुस्तकात इतर भावंडे आगगाडीच्या अपघातात मरण पावून अस्लानच्या देशी पोहोचतात. सुझन त्यांत नसते. तिचे लक्ष आता नायलॉनचे मोजे, लिपस्टिक आणि आमंत्रणे यांतच असते, नार्निया तिच्या दृष्टीने पोरखेळ झाला, असे इतर जण सांगतात. यावर १९९८ साली फिलिप पुलमन यांनी कडक टीका केली, २००४ साली नील गेमन यांनी 'सुझनचा प्रश्न' या अर्थाच्या मथळ्याची कथा लिहिली, पुढच्याच वर्षी हॅरी पॉटरच्या लेखिका राउलिंग यांनीही नाराजी बोलून दाखवली. पण या सर्वांच्या चाळीस-पन्नास वर्षे आधी हाच प्रश्न मुलांनी पोस्टाने विचारला होता! सुझनचे काय झाले?

मला विचाराल तर पुस्तकात सुझनची बाजू मांडायला कोणी नाही, हे खरोखरीच खटकते. मुलींच्या वर्गांवर वर्षे काढलेल्या कोणाही बाईला ते खटकेल. ओठ रंगवून पाहणारी मुलगी स्वर्गाला मुकते असे आम्ही मानू लागलो तर वरचे वर्ग रिकामे होतील. पत्रांतले लुईस मात्र अधिक मायाळू आहेत. १९५७ साली एका मुलाला त्यांनी लिहिले, की सुझन अजून या जगात जिवंत आहे, सुधारायला तिला भरपूर अवधी आहे, आणि कदाचित आपल्या स्वतःच्या वाटेने ती अस्लानच्या देशी पोहोचेलही. १९६० साली दुसऱ्या एका वाचिकेला त्यांनी कळवले, की तिच्या त्या प्रवासाची गोष्ट माझ्याने लिहवणार नाही. ती मोठ्यांच्या कादंबरीसारखी लांबेल. तूच का लिहून पाहत नाहीस?

१९६३च्या नोव्हेंबरात लुईस फार थकले होते. २१ तारखेला त्यांनी एका मुलाच्या पत्राला उत्तर लिहिले. पत्र छान लिहिले आहेस, तुझ्या वयात मला इतके चांगले लिहिता आले नसते, अशी शाबासकी दिली, आणि एक मौज कळवली, की मला लिहिणाऱ्या सगळ्या मुलांना अस्लान कोण हे लगेच कळते, मोठ्यांना कधीच कळत नाही. दुसऱ्या दिवशी, २२ नोव्हेंबरला, ते वारले. त्याच दिवशी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, त्यामुळे लुईस यांच्या निधनाच्या वार्तेकडे जगाचे लक्ष फारसे गेले नाही.

ज्यांना ही पुस्तके नाताळात किंवा सुट्टीत मुलांच्या हाती द्यायची असतील, त्यांच्यासाठी एक व्यावहारिक सूचना करून थांबते. आज दुकानात संच मिळतो त्यावर पहिला क्रमांक 'द मॅजिशियन्स नेफ्यू' या पुस्तकाचा असतो. 'सिंह, चेटकीण' दुसरे. याचे मूळही एका पत्रातच आहे, आणि ते त्याच काळजी करणाऱ्या मुलाचे. १९५७ साली त्याचे आईशी मतांतर झाले. पुस्तके निघाली त्या क्रमाने वाचावीत असे आईचे मत, तर नार्नियातील घटना ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने वाचावीत असे मुलाचे. लुईस यांनी कौल मुलाच्या बाजूने दिला. फार बिघडत नाही असेही पुढे जोडले. १९९४ साली प्रकाशकांनी त्या मुलाचा क्रम उचलून पुस्तकांवर आकडे घातले. मी मात्र त्या आईच्या बाजूची आहे. 'नेफ्यू' आधी वाचले तर रानात दिव्याचा खांब कोठून आला आणि अस्लान कोण, हे मुलाला आधीच कळून चुकते. तेव्हा दोन क्रमांकाचे पुस्तक आधी द्या, एक क्रमांकाचे सहावे ठेवा, आणि प्रस्तावना असेल तर ती मुलाला वाचून दाखवू नका.